करभार आणि कारभार

आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी राजाने प्रजेपासून कर कसा घ्यावा हे सांगताना ज्या उपमा योजिल्या, त्या बहुतेक घरगुती आहेत. शांतिपर्वात भीष्माचार्य युधिष्ठिरास गाय व वासरू यांचा दाखला देतात. वासरू उपाशी राहील इतके दूध काढणाऱ्याचा गोठा फार दिवस नांदत नाही. मनूने जळू, वासरू आणि भ्रमर अशी तीन उदाहरणे दिली आहेत. तिघेही घेतात, परंतु थोडे थोडे घेतात. कालिदासाने दिलीप राजाची थोरवी वर्णिताना सूर्यास पाचारण केले. तो पृथ्वीवरील रस शोषितो, परंतु पर्जन्यरूपाने अनेक पटींनी परत देण्याकरिताच शोषितो. कर किती घ्यावा आणि घेतलेल्याचे काय करावे, एवढे या उपमांतून उत्तम कळते. परंतु तो कोठे उभे राहून घ्यावा, आणि देणाऱ्यास त्याचा हिशेब कोणी द्यावा, हे दोन प्रश्न काव्यात मावत नाहीत; त्यांची गाठ व्यवहारातच पडते. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचाच थोडासा विचार करण्याचे योजिले आहे.

आमचा अधिकार विचाराल तर तो बेताचाच. जुनी अकरावी उत्तीर्ण होऊन आम्ही शिक्षकी पत्करली, आणि सेवानिवृत्त होईपर्यंत संस्कृत व अंकगणित हे दोन विषय शिकविले. एका तासाला दिलीपाची स्तुती समजावून सांगावी आणि पुढल्याच तासाला शेकडेवारीची उदाहरणे फळ्यावर घालावी, असा आमचा नित्यक्रम असे. त्यामुळे कर हा विषय आमच्या मनात अर्धा काव्याचा आणि अर्धा त्रैराशिकाचा असा राहून गेला आहे. शिवाय आमचे वास्तव्य वैभववाडीस, म्हणजे अगदी घाटाच्या पायथ्याशी. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट आमच्या डोक्यावर, आणि त्यांच्या माथ्यावरून कोल्हापूरची वाट. आंबा, काजू, कोकम, नारळ, सुकी मासळी हा कोकणचा माल या वाटांनी वर चढावा, आणि गूळ, डाळी, कांदे, भाजीपाला खाली उतरावा, हा पूर्वापार चालत आलेला व्यवहार. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडला की चार दिवसांत बाजारातील भाजीचे भाव चढतात. वाट मोकळी असणे म्हणजे काय, हे आम्हा पायथ्याच्या लोकांस पुस्तकातून शिकावे लागत नाही. आणि दरड जे काम पावसाळ्यात करते, तेच काम बारमाही करणारी एक संस्था महाराष्ट्रात अगदी काल-परवापर्यंत होती. तिचे नाव जकात.

जकात ही काही इंग्रजांनी आणलेली वस्तू नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा बांधावी, तिच्यावर ध्वज लावावा, आणि चार-पाच लेखकांनी येणाऱ्या सार्थवाहाचे नाव, गाव, माल आणि पूर्वी कोठे मुद्रा उमटली हे सर्व टिपून घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. माल कमी सांगणाऱ्यास दंड आहे. परंतु त्याच प्रकरणात सवलतीही आहेत, आणि त्या वाचताना आम्हांस नेहमी मौज वाटते. विवाहाकरिता नेलेल्या वस्तू, वधूबरोबर पाठविलेला आहेर, यज्ञ, उपनयन, व्रत इत्यादिकांचे साहित्य, यांवर शुल्क घेऊ नये, असे त्या कठोर म्हणून नावाजलेल्या अर्थशास्त्रज्ञाने लिहून ठेवले आहे.

मौज वाटण्याचे कारण असे. १९७० सालच्या वैशाखात आमच्या धाकट्या आत्याचे लग्न घाटावरील एका शहरात होते. लग्नाची भांडीकुंडी, रुखवताच्या पाट्या आणि आंब्याच्या दहा-बारा पेट्या एका मालमोटारीत चढवून आमचे वडील, चुलते आणि आम्ही पोरे पहाटे निघालो. शहराच्या वेशीवर नाका लागला. नाकेदाराने पेट्या मोजल्या, भांड्यांकडे पाहिले आणि विचारले, "विकायचा माल की घरचा?" वडिलांनी लग्नपत्रिका काढून दाखविली. त्यावर, घरचा असल्याचे सिद्ध कसे करणार, असा प्रश्न आला. सिद्ध होईपर्यंत अनामत भरावी, आणि माल त्याच नाक्याने परत बाहेर जाईल तेव्हा पावती दाखवून ती घेऊन जावी, असा तोडगा निघाला. आता आहेराची भांडी आणि खाऊन संपणारे आंबे परत बाहेर कसे जाणार? परंतु मुहूर्त दुपारचा होता. वडिलांनी अनामत भरली, आणि ती भरली तेथेच राहिली. मागे उभ्या असलेल्या एका हुंडेकऱ्याने वडिलांस समजुतीच्या स्वरात सांगितले, "गुरुजी, आम्ही रोज हेच करतो. तुम्ही एक दिवस केलेत." त्या रांगेत आमच्या मागे वीस-पंचवीस मालमोटारी तरी उभ्या होत्या, आणि एकीत केळी होती.

केळ्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. नाक्यावर भरलेली रक्कम पावतीवर दिसते आणि नगरपालिकेच्या जमाखर्चात येते. परंतु उन्हात काळी पडलेली केळी, खोळंबलेल्या चालकाचा रोज, फुकट जळालेले इंधन, आणि पावती लवकर मिळावी म्हणून हातावर ठेवलेली चिरीमिरी, हे कोणत्याही जमाखर्चात येत नाही. ते शेवटी वाण्याच्या दुकानात केळ्यांच्या भावात येते आणि गृहिणी महागाईला बोल लावते. फ्रान्समधील बास्तिया नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८५० साली एका छोट्या पुस्तकात हेच प्रतिपादन केले की, राज्यकारभाराच्या प्रत्येक कृत्याचे एक फळ डोळ्यांस दिसते आणि अनेक फळे दिसत नाहीत. शहाणा तो, जो न दिसणाऱ्यांचीही बेरीज करतो. आमच्या अंकगणिताच्या भाषेत सांगावयाचे तर जकातीच्या उदाहरणात हातचा नेहमी विसरला जात असे.

ही विचारसरणी मराठीस नवीन आहे असे मात्र कोणी समजू नये. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९ सालचे आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्रपरिभाषा' १८५५ सालची. ॲडम स्मिथने १७७६ साली कराची चार लक्षणे सांगितली होती: कर ऐपतीप्रमाणे असावा, त्याची रक्कम व वेळ निश्चित असावी, देणाऱ्याच्या सोयीने घेतला जावा, आणि वसुलीचा खर्च कमीत कमी असावा. जकात या चारांपैकी एकाही कसोटीस नीट उतरत नसे. ऐपत पाहिली जात नसे, कारण मिठाच्या गोणीस श्रीमंत-गरीब कळत नाही. रक्कम निश्चित नसे, कारण मालाची किंमत नाक्यावरचा कारकून ठरवी. सोयीविषयी तर बोलावयासच नको. आणि वसुलीस रात्रंदिवस माणसे लागत.

मिठावरून आठवले. कराचे प्रमाण कमी केल्याने प्रजेचे आणि सरकारचे दोघांचेही भले कसे होते, याचे धडधडीत उदाहरण आपल्याच कोकणच्या सुपुत्राने देशापुढे मांडले आहे. गुहागरनजीकच्या कोतळूक गावी जन्मलेले, काही वर्षे शिक्षकी केलेले आणि अंकगणिताचे पुस्तक लिहिलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. सरकारच्या तिजोरीत सालोसाल शिल्लक पडत होती आणि सरकार त्यास भरभराटीचे लक्षण म्हणत होते. गोखल्यांचे म्हणणे असे की, दुष्काळाने गांजलेल्या प्रजेच्या राज्यात तिजोरीस शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा अधिक घेतला जात आहे. मिठावर त्या वेळी मणास अडीच रुपये कर होता. १९०३ साली तो दोन रुपये झाला, १९०५ साली दीड, आणि १९०७ साली एक रुपया. कर उतरला तसा मिठाचा खप वाढला. पुढे मिठाच्या प्रश्नावर १९३० सालच्या मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यातील शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला, हे वाचकांस विदित आहेच. परंतु सत्याग्रहाच्या अठ्ठावीस वर्षे आधी एका शिक्षकाने तोच प्रश्न बेरीज-वजाबाकीने मांडला होता, याचा आम्हा शिक्षकांस विशेष अभिमान वाटतो.

असो. जकात गेली ती एकदम गेली नाही. महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ साली उठली. महानगरपालिकांनी ती पुढेही धरून ठेवली. २०१० सालापासून काही शहरांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. त्यात नाका गेला, परंतु हिशेबाच्या वह्या आल्या, आणि २०१३ साली पुण्या-मुंबईकडील व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकाने बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतील उलाढालीस तोही माफ झाला. मुंबईचे नाके मात्र चालूच होते. मुलुंड, दहिसर, मानखुर्द, ऐरोली येथील त्या रांगा आमच्या मुंबईकर आप्तांनी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. अखेर २०१६ साली घटनेची एकशे एकावी दुरुस्ती होऊन, स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावर कर बसविण्याचा जो अधिकार राज्यांच्या सूचीत बावन्नाव्या क्रमांकावर होता, तो वगळण्यात आला. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच मुंबईचे नाकेही ओस पडले. कौटिल्याच्या शुल्कशाळेवरील ध्वज अशा रीतीने उतरला.

आमच्या पुतण्याचा काजूगर काढण्याचा लहानसा कारखाना आहे. त्यास आम्ही विचारले की, बाबा रे, आता तरी सुख झाले ना? तो म्हणाला, "काका, गाडी आता थांबत नाही, हे खरे. पूर्वी वाटेत नुसते एखादे शहर ओलांडायचे तरी पारगमन शुल्क भरा, पावती घ्या, पलीकडच्या नाक्यावर ती दाखवा. ते सगळे गेले. पण नाका मोडला म्हणता, तो थोडासा माझ्या घरात येऊन बसला आहे. संगणकावर विवरणपत्र भरा, मालासोबत ई-वे बिल काढा. ते भरायला माणूस ठेवला आहे, त्याचा पगार काजूवरच बसतो." आम्ही त्यास म्हटले की, कागद भरणे आणि केळी कुजणे यांत काही अंतर आहे की नाही? तो हसून म्हणाला, "अंतर आहे, काका. पण केळी कुजत होती ती तुम्हांला दिसली. माझी रात्र जाते ती कोणाला दिसते?" पुतण्याने बास्तिया वाचलेला नाही, परंतु त्याचे म्हणणे आम्हांस पटले. चाळीस लाखांच्या आतील उलाढालीच्या माल विकणाऱ्यांस नोंदणीची सक्ती नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, हा लेखक जकात गेली म्हणून पेढे वाटावयास निघाला आहे. तसे नाही. मोकळ्या व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्याने या व्यवहाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, आणि आमच्या मते खरा गुंता तेथेच आहे. मुंबई महानगरपालिकेस जकातीपासून वर्षाकाठी सुमारे सात हजार कोटी रुपये मिळत. ते उत्पन्न तिचे स्वतःचे होते, रोजच्या रोज हाती पडणारे होते. जकात गेल्यावर नुकसानभरपाई देण्याचा कायदा राज्याने २०१७ साली केला: २०१६-१७ चे उत्पन्न पायाभूत धरावे, त्यात दरसाल आठ टक्के वाढ द्यावी, आणि ती रक्कम राज्याच्या तिजोरीतून महानगरपालिकांस पोचवावी. मुंबईस पहिला सुमारे ६४७ कोटींचा धनादेश त्याच जुलै महिन्यात मिळाला. नगरपरिषदा तर १९९९ पासूनच जकातीऐवजी सहायक अनुदानावर होत्या. म्हणजे गाडी सुटली, हे उत्तम झाले. परंतु जी संस्था काल आपल्या पायावर उभी होती, ती आज दरमहा वरून येणाऱ्या पैशाची वाट पाहू लागली. पायच वाकडे होते हे खरे. परंतु वाकडे पाय सरळ करणे वेगळे आणि कुबडी देणे वेगळे.

यात वाईट काय, ते एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस फार सांगावयास नको. चार भाऊ मिळवितात, सर्व मिळकत कर्त्या पुरुषापाशी जमा होते, आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे तो खर्चास देतो. कर्ता दक्ष असला आणि घरातील वडील बाई रोजची वही लिहिणारी असली, तर असे घर पिढ्यान्‌पिढ्या सुखाने चालते. परंतु घर मोठे झाले, कर्ता दूर राहू लागला, आणि कोणी किती घातले व कोणी किती काढले हे कोणासच दिसेनासे झाले, म्हणजे काय होते? मिळविणाऱ्यास वाटते की आपण फार घालतो. खर्चणाऱ्यास वाटते की आपल्यास फार थोडे मिळते. आणि दोघेही कर्त्याकडे तोंड करून बसतात, एकमेकांकडे पाहत नाहीत. आमच्या घरी एकदा असाच प्रसंग आला होता. तेव्हा आमच्या मातुश्रींनी वादात न पडता एवढेच केले, की महिन्याचा जमाखर्च माजघरात सर्वांदेखत मोठ्याने वाचण्याची चाल पाडली. दोन महिन्यांत कुरबुर थांबली, आणि खर्चही पुष्कळ कमी झाला. कोणास कमी दिले म्हणून नव्हे. वाचला जाणार आहे हे ठाऊक झाले म्हणून.

राज्यातही हाच न्याय लागू पडतो. कर देणारा आणि खर्च करणारा यांच्यातील अंतर जसजसे वाढते, तसतसा हिशेब विचारणारा आवाज क्षीण होत जातो. कोल्हापूरचेच पाहा. शहरातील अंतर्गत रस्ते एका कंपनीकडून बांधवून घेऊन त्यांवर पथकर बसविण्यात आला. लोक रस्त्यावर उतरले; रस्ते कसे झाले, खर्च किती आला, तो किती वर्षांत फिटणार, असे प्रश्न त्यांनी विचारले. हे सर्व प्रश्न रास्त होते, आणि ते विचारले गेले याचे कारण हेच की पैसा रोज खिशातून प्रत्यक्ष जात होता. २०१५ सालच्या अखेरीस पथकर रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि गुलाल उधळला गेला. परंतु कंपनीचे देणे काही हवेत विरले नाही. ते शासनाने उचलले. शासनाने म्हणजे कोणी? तर ज्यांनी त्या रस्त्यांवर कधी पाऊलही ठेवले नसेल, अशा गडचिरोलीच्या आणि वैभववाडीच्या माणसांनीही. कोल्हापूरकरांवर आमचा राग नाही. तेथील गुळावर आमचे लाडू होतात. परंतु पथकर होता तोवर प्रश्न होते, आणि देणे दूर गेले तसे प्रश्नही संपले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तीच गोष्ट करमाफीची. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांस मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय २०२२ च्या जानेवारीत झाला. लहान घरातील माणसास दिलासा मिळावा हा हेतू उत्तम आहे, आणि गरिबाकडून जबरीने घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि, ज्याने घरपट्टीचा एक रुपयाही भरला नाही, तो नगरसेवकास गटार का तुंबले असे विचारताना किंचित बिचकतो, आणि नगरसेवकही त्यास उपकृत समजतो. वस्तुतः तो माणूस साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर देतच असतो; परंतु तो दुरून, अदृश्य रीतीने गेलेला असल्यामुळे त्याचा जाब तो कोणासच विचारू शकत नाही. अदृश्य कराने पैसा जातो आणि आवाजही जातो. थोडकी का होईना, परंतु डोळ्यांस दिसणारी घरपट्टी असावी, असे आम्हांस वाटते ते याकरिताच.

आता, मोकळ्या बाजाराचा पक्ष घेणाऱ्यास सरकारी खर्च मुळीच नको असतो, असा एक समज आहे; तो आम्हांस लागू नाही. घाटातील रस्ता कोणी व्यापारी आपल्या नफ्यातून बांधणार नाही. परंतु खर्च सर्वांचा आणि लाभ ज्याचा-त्याचा, असे होऊ नये. याचे चांगले उदाहरण आमच्या दाराशीच आहे. कोकण रेल्वेकरिता १९९० साली जे महामंडळ स्थापन झाले, त्यात केंद्राने एक्कावन्न टक्के भाग घेतला, आणि महाराष्ट्राने बावीस, कर्नाटकाने पंधरा, गोवा व केरळ यांनी सहा-सहा टक्के. म्हणजे ज्या प्रांतांतून अगर ज्यांच्याकरिता गाडी धावावयाची, त्यांनी पदर मोकळा केला. उरलेला पुष्कळसा पैसा रोखे विकून उभा केला. गाडी सुरू झाल्यावर भाड्यासाठी अंतर प्रत्यक्षापेक्षा अधिक धरण्याची योजना झाली, म्हणजे लाभ घेणाऱ्याने बांधकामाचा भार थोडा-थोडा उचलावा. १९९८ च्या जानेवारीत मार्ग पुरा झाला. वैभववाडी रोड स्थानकावर उतरणाऱ्या एखाद्या म्हातारीस हे गणित ठाऊक नसेल, परंतु तिने दोन पैसे अधिक दिले आणि तिला गाडी मिळाली. देणे आणि घेणे एकाच तिकिटावर छापलेले होते.

नियमांविषयीही एक शब्द. शेतमाल बाजार समितीच्या आवारातच, परवानाधारक अडत्याच्या मार्फतच विकला पाहिजे, हा १९६३ सालच्या कायद्याचा दंडक मूळ सद्धेतूने आला होता. खोट्या मापापासून आणि सावकाराच्या पेचापासून शेतकऱ्यास वाचवावे, हा तो हेतू. परंतु रक्षणासाठी घातलेले कुंपण पुढे दार होते, आणि दाराशी कोणी ना कोणी हात पसरून उभा राहतो. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी ही बंधने उठवा असे आयुष्यभर सांगितले. २०१६ च्या जुलैत महाराष्ट्राने फळे व भाजीपाला आवाराबाहेर विकण्यास मोकळीक दिली. आज आमच्या जिल्ह्यातील कित्येक आंबेवाले थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकास पेटी पाठवितात. सरकारने तेथे काय करावे? तराजू खरा आहे की नाही हे पाहावे, आणि ठरलेला पैसा बुडविणाऱ्यास शिक्षा करावी. वजनमापांवर देखरेख करणारा अधिकारी कौटिल्यानेही नेमला होता. काटा सरकारने तपासावा. भाव गिऱ्हाइकाने आणि विकणाऱ्याने ठरवावा.

शेवटी आपल्या गावाविषयी. गेल्या दशकात येथील ग्रामपंचायत जाऊन वाभवे-वैभववाडी नगरपंचायत आली. गावास शहराचा दर्जा मिळाला, याचा आनंद आहेच. परंतु या स्थित्यंतरात एक गोष्ट गावाच्या हातून गेली, तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष आहे. ग्रामपंचायतीच्या कायद्यात ग्रामसभा असते. कोणीही मतदार उठून, अमुक पाखाडीस इतका खर्च का झाला, असे सरपंचास तोंडावर विचारू शकतो. नगरपंचायतीत सतरा नगरसेवक असतात, ग्रामसभा नसते. म्हणजे माजघरातील वही वाचण्याची चाल, घर मोठे झाले तसे बंद पडली. ज्या-ज्या तालुक्याच्या गावास असा दर्जा मिळाला, त्या सर्वांची हीच कथा आहे. आणि वरून येणारी अनुदाने जसजशी वाढतात, तसतशी घरपट्टीची किंमत एकूण जमेत कमी होत जाते, आणि घरपट्टी भरणाऱ्या नागरिकाचीही.

यावर उपाय काय? मोठे उपाय सरकारने करावे: जकात गेली तिच्या जागी नगरांस अनुदानाऐवजी स्वतःचे, स्वच्छ, नाका न लागणारे उत्पन्न द्यावे, आणि राज्य वित्त आयोगाने सांगितलेला वाटा कृपा म्हणून नव्हे, हक्क म्हणून पोचवावा. लहान उपाय आपल्या हाती आहेत. घरपट्टीची पावती बहुतेक घरांत विजेच्या देयकाबरोबर खिळ्याला टोचून ठेवतात. तिच्यावर घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य अशा निरनिराळ्या रकमा लिहिलेल्या असतात. घरातील एखाद्या शिकत्या मुलास ती काढून द्यावी, आणि नगरपंचायतीचे अंदाजपत्रक मिळवून, आपली रक्कम कोणत्या बाबीस लागली याचे त्रैराशिक मांडावयास सांगावे. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराने असे कागद मागता येतात. दर चार वर्षांनी करआकारणीची यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकतींची मुदत असते. त्या मुदतीत कर कमी करा एवढेच न म्हणता, मागला कर कोठे गेला, असेही लिहून द्यावे. आणि प्रभागातील दहा-वीस घरांनी मिळून नगरसेवकास वर्षातून एकदा कोणाच्या तरी ओसरीवर बोलवावे. कायद्याने ग्रामसभा नसली तरी ओसरीस कोणी बंदी केलेली नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याने काय होणार? आमचे उत्तर असे की, कौटिल्याने राजाचे धन अपहार करण्याचे चाळीस प्रकार मोजून दाखविले आहेत, आणि ते बहुतेक सर्व लेखणीच्या साह्याने होणारे आहेत. लेखणीने झालेली चोरी वाचनानेच पकडली जाते. ज्या घरात बायकापुरुष, थोरलीधाकटी, सर्वांस वाचता येते, त्या घरांनी तरी आपल्या नगराचा जमाखर्च वर्षातून एकदा वाचावा, एवढीच आमची विनंती आहे. इत्यलम्.